पेटीवरची अक्षरं

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटाच्या पलीकडे,
माझं काम पत्र्यात अक्षरं कापायचं.
पेटीला शेवटचा खिळा बसला
की पत्रा लावायचा, काळा रंग फासायचा:
देश, बंदर, वजन,
आणि वर तोंड केलेला एक बाण.
सव्वीस वर्षं झाली.
जग मी पाहिलंय ते असं, भोकाभोकांतून.

गेल्या मार्गशीर्षात पंपांच्या एकशे चाळीस पेट्या
गेटाशी येऊन थांबल्या.
तिकडे कुणीतरी सही केली म्हणे,
जाड पेनानं,
आणि कागद उंच धरून दाखवला.
कर वाढला.
किती, ते सोमवारी एक होतं, गुरुवारी भलतंच.
कुडचीकर शेठ मोबाइल धरून
भट्टीभोवती फिरत राहिले.
भट्टी गार होती.

टीव्हीवाला म्हणत होता, दोन देशांची मैत्री अतूट आहे.
मी हुक्केरीला विचारलं. तो कास्टिंग घासतो,
घरात कन्नड, माझ्याशी मराठी, मशीनशी शिव्या.
"अतूट म्हणजे काय रे शिवलिंगा?"
"बिडाचं असतंय की, तसलं," तो म्हणाला,
"वाकत न्हाई म्हणून लई कौतुक.
एक घाव बसला की दोन तुकडे."

अनगोळ नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी
सगळे ठाम होते: आपण झुकायचं नाही.
बरोबर आहे.
त्यांच्यापैकी कुणालाच पेट्या उचलायच्या नव्हत्या.

मग मडगावहून एजंट आला, कायतान नावाचा,
पांढरे बूट, बारीक आवाज.
म्हणाला, माल दुसऱ्याच एका देशात उतरवू,
तिथं चार स्क्रू पिळतील, एक चिठ्ठी डकवतील,
आणि जाईल तो त्याच जुन्या गिऱ्हाइकाकडे.
पंप तोच. पाणीही तेवढंच ओढणार.
फक्त जन्मगाव बदलायचं.

मला हसू आलं.
माझा बाप मुंबई राज्यात जन्मला,
थोरला भाऊ म्हैसूर राज्यात, मी कर्नाटकात,
आणि तिघंही मच्छ्यात, एकाच खोलीत,
एकाच सुईणीच्या हातून.
शहराचं नाव बदललं तेव्हा
जुना पत्रा मोडीत घालून नवा मीच कापला.
परदेशातून एवढंच विचारणं आलं:
कारखाना हलवला का?

तेव्हा ऐतिहासिक करार म्हटलं
की माझा हात खिशातल्या पट्टीकडे जातो.
ऐतिहासिक म्हणजे किती लांब?
आमच्या सीमेच्या दाव्यालाही तारखा पडतात.
तिकडून भाषण येतं, इकडून भाषण येतं,
मधे दोन्हीकडच्या एसट्या चार दिवस बंद,
आणि भाषणं करणाऱ्यांची नातवंडं
एव्हाना पुण्यात नाहीतर बंगळुरात,
एकाच कंपनीत.

मी पत्रा कापला. नवा देश, नवं बंदर.
कापताना एकदा वाटलं, हे बरोबर नाही.
मग आठवलं, मला कुणी विचारलंच नव्हतं.

पेट्या निघाल्या एकशे एकोणचाळीस.
एकीच्या आडोशाला मांजर व्यालेलं,
पिलांचे डोळे उघडायचे होते,
तर हुक्केरी आडवा उभा राहिला.
शेठ काही बोलले नाहीत, बिलात आकडा खोडला.
या सगळ्या व्यवहारात
तो एक आकडा खरा असावा.

माघात बातमी आली: कर कमी, हस्तांदोलन,
दोघंही जिंकले.
हरलं कोण, ते सांगायला वेळ नव्हता,
लगेच हवामान लागलं.
हुक्केरीचे अठरा दिवस भरले नाहीत पगारात.
ते कुणाच्या खात्यात जमा दिसतात का
कुणी बघून सांगेल तर बरं.

बाणाचा पत्रा मात्र पहिल्यापासून तोच आहे.
देश गेले, नावं गेली, बाण वरच.
काल गेटावर पाहिलं,
फोर्कलिफ्टच्या पोरानं पेटी आडवी ठेवलेली,
बाण सरळ भिंतीकडे.
"अरे, वरची बाजू कुठली?"
तो कानातली वायर न काढता म्हणाला,
"मामा, जिकडं जागा हाय तिकडं."